राहिलेलं वाक्य

दादा, मी थकले आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे लिहिताना वाक्यं कुठे लंगडली तर तू समजून घेशील. तसा तू समजून घेणाऱ्यातला नव्हतास. नर्सिंगच्या होस्टेलवरून मी तुला पत्रं लिहायचे, ती तू तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून मलाच परत पाठवायचास. एकदा मी लिहिलं होतं, 'तारण मिळवण्यासाठी, पापातून सुटण्यासाठी, मी रोज पहाटे उठून प्रार्थना करते.' तू 'मिळवण्यासाठी'च्या खाली दोन रेघा मारल्यास आणि समासात लिहिलंस, 'तारण मिळवायचं नसतं, मिळालेलं असतं. पहाटे उठतेस ते चांगलंच आहे, पण कारण दुसरं शोध.' मी अठरा वर्षांची होते. ते पत्र हातात घेऊन बाथरूममध्ये जाऊन रडले होते. रुममेटला वाटलं, घरी कोणी गेलं.

आणि त्याच होस्टेलच्या फाटकापर्यंत माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तूच आला होतास, नगरच्या स्टँडपासून चालत. आबांनी माझ्या लग्नाचं बघायला घेतलं होतं. तू म्हणालास, "तिला शिकू द्या, पुढचं मी बघतो." मी आत जाताना वळून पाहिलं तर तू मान चोळत उभा होतास. पुढे वॉर्डात जड पेशंट उचलून पाठ धरायची तेव्हा मला तुझी ती मान आठवायची. हे तुला एकदा सांगायला हवं होतं. पण आपण दोघं भेटलो की वादच घालायचो.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. पाणी तापवून ठेवायचं नाही, गोळ्या कुटायच्या नाहीत, तरी साडेपाचला जाग येतेच. मग मी पलंगावर बसून राहते. या सोळा दिवसांत आपला जुना वाद मी एकटीने दोन्ही बाजूंनी घातला. म्हणून आता लिहायला बसले.

तो वाद शामुवेलचा. वीस-बावीस वर्षं होऊन गेली. तू तेव्हा सोनईजवळच्या गावातल्या चर्चचा पाळक होतास आणि मी चार दिवसांची रजा काढून तुझ्याकडे आले होते. शामुवेल कारखान्यावर ऊस उतरवायचा, प्यायचा, बायकोला मारायचा, आणि नाताळात सगळ्यांच्या आधी येऊन देवळाला पताका लावायचा. त्या आठवड्यात तो विहिरीत सापडला. पाय घसरून पडला की उडी मारली, कोणालाच कळलं नाही. चर्चचे पंच म्हणाले, आपल्या दफनाच्या जागेत नको. तू त्यांच्याशी भांडलास, जागा मिळवलीस, खड्डा खणायला स्वतः उभा राहिलास. तिथवर मला तुझा अभिमान वाटत होता.

मग विधीचं पुस्तक उघडलंस. शेवटी माती टाकताना म्हणायचं एक वाक्य असतं. आमचा हा भाऊ प्रभूच्या हातात आहे, त्याच्या हातून याला कोणी हिसकावणार नाही, या खात्रीने आम्ही याला मातीच्या स्वाधीन करतो, अशा अर्थाचं. आबांच्या वेळी, आईच्या वेळी ते तुझ्याच तोंडून ऐकलेलं. त्या दिवशी तू त्या वाक्यापाशी आलास, थांबलास आणि पुस्तक मिटलंस. "आमेन" म्हणालास. लोकांनी माती लोटली.

शामुवेलची बायको सगुणाबाई खड्ड्याच्या कडेला उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण इतकी दफनं पाहून तिला ते सगळं पाठ होतं. ती म्हणाली, "पाळकसायेब, एक वाक्य ऱ्हायलं."

तू तिच्याकडे न बघता म्हणालास, "ते वाक्य सगळ्यांसाठी नसतं, बाई."

संध्याकाळी वहिनीने भाकरी वाढली आणि आपण दोघंही जेवलो नाही. मी विचारलं, "असं का केलंस?"

तू म्हणालास, "मला जी खात्री नाही ती मी देवाच्या नावाने कशी देऊ? तो कसा मेला ते तुला ठाऊक आहे? मला नाही."

"खात्री तुझी होती का? तुझी नव्हतीच. तुला फक्त वाचायची होती."

"कृपा म्हणजे मोकाट सुटणं नव्हे, सिंधू."

"मग मला पत्रात शिकवलंस ते काय होतं? मिळवायचं नसतं म्हणून?"

तू ताटावरून उठलास. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीने परत गेले. त्यानंतर आपण सणावाराला भेटलो, हसलो, वहिनीच्या शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस एकत्र होतो, पण शामुवेलचं नाव घेतलं नाही. तू कृपेवरच प्रवचनं करत राहिलास. फार सुंदर करायचास. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आणि ते वाक्य?

वहिनी गेली, तुम्हाला मूलबाळ नाही, मी लग्न केलेलं नाही. तू भिंगारला माझ्या दोन खोल्यांत राहायला आलास. पाच वर्षं बरी गेली. रेडिओवर मॅच, चहात साखर कमी म्हणून कुरकुर, शेजारच्या रिझवानाभाभींनी ईदला पाठवलेला शीरखुर्मा माझ्या नकळत दोन वाट्या. मग पोटाचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी मलाच बाजूला घेऊन सांगितलं, कारण मी नर्स. मला सांगायची गरज नव्हती. रिपोर्ट मला वाचता येत होता.

आठ महिने. मी माणसं जाताना खूप पाहिली आहेत, पण तिथे ड्यूटी संपते. इथे संपत नव्हती.

एका दुपारी मी चादरींच्या घड्या घालत होते. तू म्हणालास, "सिंधू, मला भीती वाटतेय."

"दुखतंय का? गोळी देऊ?"

"दुखत नाही. मी तिथं जाईन का गं?"

माझ्या हातात चादरीची दोन टोकं होती. मी म्हणाले, "तू नाही जाणार तर कोण जाणार? झोप जरा." आणि घडी पुरी केली.

दादा, हे उत्तर मी हजार पेशंटना दिलं असेल. तुला द्यायला नको होतं. तू डोळे मिटलेस, पण झोपला नव्हतास. थोड्या वेळाने म्हणालास, "शामुवेलला मी ते वाक्य दिलं नाही. आता माझ्यासाठी ते कोणाकडून घेऊ?"

मला वाटायला हवं होतं की वाद मी जिंकले. तसं काहीच वाटलं नाही. मी उठून भात टाकला.

त्या रविवारी इथल्या चर्चचे नवे पाळक आले. तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. ते तुझ्या उशाशी बसून म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही चाळीस वर्षं सेवा केलीत, इतक्यांना बाप्तिस्मा दिलात, तुम्हाला कसली चिंता?" तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. "माझी सेवा नका सांगू," म्हणालास. "तिच्यावर उभं राहून बघितलं. पाय ठरत नाही." बिचारे गोंधळले. मी त्यांना चहा दिला आणि रिक्षापर्यंत सोडलं. ते मला म्हणाले, "आजाराने होतं असं." मी हो म्हटलं. आजाराने होत नाही हे मला माहीत होतं.

मंगळवारी रिझवानाभाभींना तुझ्यापाशी बसवलं आणि सोनईची एस.टी. पकडली. तुला सांगितलं की पेन्शनच्या कामाला चालले आहे. गाडी घोडेगावला वळली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. बावीस वर्षांनी एका बाईच्या दारात जाऊन काय बोलायचं? माझ्या भावाला भीती वाटतेय, तुम्ही चला? तिला वाटली तेव्हा कोण गेलं होतं?

सगुणाबाई एका शेडमध्ये कांदे निवडत होती. केस पांढरे झालेले, पण बसणं तेच, ताठ. मला लगेच ओळखलं. "सलाम, सिस्टरबाई," म्हणाली आणि हातातला कांदा बाजूला टाकला. तो सडका होता.

मी सगळं सांगितलं. ती ऐकताना हात चालूच होते. मग म्हणाली, "त्यांना माफी मागायची असंल. मला आत्ता द्यायची न्हाई. खोटं कशाला बोलू?"

"माफीसाठी नाही आले मी."

"मग?"

मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसले आणि अर्धा तास कांदे निवडले. तिने चहा मागवला. निघताना मी भिंगारचा पत्ता सांगितला; तिने येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही.

आठवड्याने, मी तुझे पाय चोळत होते, तेव्हा दारात ती उभी. पिशवीत डझनभर कांदे आणि अंगावर धुवट लुगडं. तू तिला पाहिलंस आणि उठून बसायला गेलास. मी पाठीमागे उशा लावल्या.

"सगुणाबाई, माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

मला वाटलं, हिला आणून मी मोठी चूक केली. मग तीच बोलायला लागली.

"लई चुकलं, पाळकसायेब. तुमी त्या वाक्यापाशी थांबला न्हवं का, तवा मला वाटलं आता हा मानूस गेला कुटं? वर न्हाई म्हनतात, खाली तर विहिरीतनं काढलाय. दोन वरसं मी देवळात पाय ठिवला न्हाई."

"मग परत कशा आलात?"

"रानात खुरपाय जायची. खाली वाकून खुरपायचं आन् त्याच्याशी बोलायचं. देवाशी. म्हनायची, पाळक न्हाई म्हनला, तू काय म्हनतोस ते सांग. तू बी न्हाई म्हनत असशील तर मग मलाबी नगं तुझं काय."

"काय म्हणाला तो?"

"कायबी न्हाई म्हनला. त्यो कुटं बोलतोय असा? पन एक दिस लक्षात आलं, मी इचारायचं बंद केलंय. शामुवेल त्याच्याकडं हाय, हे मला ठाव झालं हुतं. कवा झालं, कसं झालं, मला इचारू नका. मी कमावलं न्हाई ते. हुतं."

तू तिच्याकडे असा बघत होतास की मी नजर वळवली. मग तू हळूच विचारलंस, "तुम्ही मला क्षमा केलीत का?"

"रोज करती. आन् दुसऱ्या दिशी परत राग येतो, मग परत करती. तुमाला खरं सांगायचं तर अजून पुरी झाली न्हाई." तिने नाकाला पदर लावला. "पन पाळकसायेब, माज्या माफीवर तुमचं तारन अडलं असतं तर तुमी बुडालाच हुता की. माज्या हातात न्हाई ते. तुमच्याबी न्हवतं. त्या दिशी बी न्हवतं, तुमाला उगाच वाटलं."

दादा, चाळीस वर्षं तू जे शिकवलंस ते त्या बाईने चार वाक्यांत सांगितलं, आणि तेही रागावलेल्या आवाजात. तू रडायला लागलास. मी तुला रडताना वहिनीच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "आता ते वाक्य म्हना. ऱ्हायलेलं."

मी पुस्तक आणायला उठले तर तू हाताने थांबवलंस. पुस्तक लागलं नाही. "आमचा हा भाऊ शामुवेल," असं तू सुरू केलंस. 'प्रभूच्या हातात' पाशी खोकल्याची उबळ आली, मी पाणी पाजलं, तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. तिसऱ्या खेपेला वाक्य पुरं झालं. सगुणाबाई उभी राहून ऐकत होती, डोक्यावर पदर घेऊन, जशी त्या दिवशी उभी होती. "आमेन," म्हणाली. मग मला म्हणाली, "सिस्टरबाई, माजी चारची गाडी हाय," आणि चहा न घेता गेली.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! लोकांना अशीच आवडते. पण तुझी भीती त्या दिवशी गेली नाही. दोन दिवस तू शांत होतास, तिसऱ्या दिवशी पुन्हा माझं मनगट घट्ट धरलंस. नखं रुतली. "अजून वाटतं गं," म्हणालास, लाज वाटल्यासारखा. मी म्हणाले, "वाटू दे. तू भिऊन घे. त्याने धरलंय तुला, तुला धरता येवो न येवो." हे मी कुठून बोलले मला ठाऊक नाही. मी स्वतः चार महिने प्रार्थना केलेली नव्हती. रात्री पाठ टेकली की 'हे प्रभू' म्हणायच्या आत डोळा लागायचा आणि दोन तासांत तू हाक मारायचास. तू मात्र त्या शब्दांनी मनगटावरची पकड सैल केलीस. त्यानंतर काही दिवस बरे गेले, काही गेले नाहीत.

आणि आता तुला न सांगितलेलं सांगते. एका दुपारी तुला कुशीवर वळवताना माझ्या मनात आलं, संपव आता हे. तुला म्हणत होते की देवाला, कळलं नाही. पण मनापासून आलं. लगेच मी तुझी पाठ पुसली, पावडर लावली, सगळं नीट केलं. तुला कळलं होतं का? तू त्या दिवशी पहिल्यांदाच मला "थँक्यू" म्हणालास. त्याचा अर्थ मी अजून लावते आहे. कळलं असेल तर माफ कर. मला तुझी माफी हवी आहे, तुझी, माणसाची. वरची आहे, हे तूच मला तांबड्या पेन्सिलीने शिकवलंस. पण भावाची वेगळी लागते.

शेवट असा झाला की मी बाहेरच्या मोरीत भांडं धूत होते. पाच मिनिटं. परत आले तर तू गेला होतास. पस्तीस वर्षं परक्यांचे हात धरून बसले आणि तुझ्या वेळी माझ्या हातात भांडं होतं. त्याआधी तू एवढंच म्हणाला होतास, "खिडकी जरा लोट." मी लोटली होती.

परवाच्या रविवारी तुझ्या स्मरणाची भक्ती झाली. देऊळ भरलं होतं. आधी पंचांचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, साक्ष द्या दोन शब्द. पाळकसाहेब कसे शांतीत गेले, शेवटी काय म्हणाले. लोकांना बळ मिळतं." मी हो म्हटलं. खरं सांगते, मी गुळगुळीत काहीतरी सांगणार होते. चेहऱ्यावर तेज होतं वगैरे. अंगात खोटं बोलण्याइतकंच बळ होतं, खरं बोलायला जास्त लागतं.

उभी राहिले आणि समोर सगुणाबाई दिसली, सोनईहून आलेली, बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर. तिच्या देखत मला ते जमेना.

मी म्हणाले, "माझा भाऊ आठ महिने भीत होता. मेल्यावर प्रभूकडे जाईन का, असं मला विचारायचा. काही दिवस भीती जायची, परत यायची. शेवटचं त्याने मला खिडकी लोटायला सांगितलं." मग सगुणाबाईकडे बघत म्हणाले, "मी माणसं जाताना पाहिली आहेत. धीट माणसं जातात, भित्री जातात, शुद्ध हरपलेली जातात. धिटाईने गेलं तरच तारण असेल तर ती कृपा कसली? माझा भाऊ प्रभूच्या हातात आहे. त्याची खात्री डळमळली म्हणून तो हात ढिला झाला, असं मला वाटत नाही. एवढंच." आणि बसले. अध्यक्षांचं तोंड उतरलं होतं. नव्या पाळकांनी घाईने गीत सुरू केलं.

बाहेर लोक भेटले, बरेचसे नुसते हात जोडून पुढे गेले. दोघी-तिघी मला टाळूनच गेल्या. मी चपला शोधत होते, तेवढ्यात आपले गुरुजी आले. तेच, ज्यांच्या रविवारच्या शाळेत बायबलचं वचन चुकलं की पोरं बाकावर उभी राहायची. काठी घेऊन चालतात आता. हृदयाचं आहे, डॉक्टरांनी ऑपरेशन नाही म्हणून सांगितलंय. मला वाटलं, बोलणी बसणार.

गुरुजी माझ्याजवळ वाकून म्हणाले, "बाई, मला वाटायचं मी एकटाच."

मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कळलं.

"घरी बोलायची सोय नाही," ते म्हणाले. "सगळे म्हणतात, गुरुजी, तुमचं काय, तुम्ही तर सरळ जाणार. मुलगा म्हणतो, सून म्हणते. मी पण मान डोलावतो. तुम्ही एकदा याल का? वचनं नका आणू. वचनं मला सगळी पाठ आहेत."

मी म्हटलं, "येते."

उद्या सकाळी जायचं आहे. सावेडीची बस धरावी लागेल, आणि माझे गुडघे दोन दिवसांपासून सुजलेत. त्यांना काय सांगणार, ठाऊक नाही. तू असतास तर आदल्या दिवशी पाठकोऱ्या कागदावर मुद्दे काढून दिले असतेस, आणि मी ते वाचले नसते म्हणून रागावला असतास. मी नुसती बसेन त्यांच्याजवळ. ते भीत असतील तर भिऊ देईन. चहा देतील तो घेईन, आणि त्या दुपारी तुझ्यापाशून उठले तशी या वेळी उठणार नाही.